महाराजाची डागडुजी

एअर इंडियाच्या दीर्घ पल्ल्याच्या विमानांचे अंतरंग आमूलाग्र बदलण्याची 40 कोटी डॉलरची योजना डिसेंबर 2022 मध्ये जाहीर झाली, तेव्हा टाटा समूहाने ही कंपनी सरकारकडून ताब्यात घेतल्याला वर्षही झाले नव्हते. 27 बोइंग 787-8 आणि 13 बोइंग 777 अशी 40 विमाने या योजनेत होती. त्यांतील पहिले 787 विमान कॅलिफोर्नियातील व्हिक्टरव्हिल येथील बोइंगच्या कार्यशाळेकडे रवाना होण्यास जुलै 2025 उजाडला. कंपनीने ऑगस्ट 2025 मध्ये दिलेल्या वेळापत्रकानुसार 787 विमानांचे काम 2027 च्या मध्यास पूर्ण होईल आणि 777 विमानांचे काम 2027 च्या आरंभी सुरू होऊन ऑक्टोबर 2028 पर्यंत चालेल. म्हणजे घोषणा आणि पूर्तता यांत जवळपास सहा वर्षांचे अंतर पडणार आहे. नूतनीकरणाचा निर्णय मुळात योग्यच होता. मात्र नव्या खुर्च्यांची छायाचित्रे ज्या उत्साहाने प्रसिद्ध होतात, त्या उत्साहाने कोणते विमान कधी ताफ्यातून बाद होणार हे सांगितले जात नाही, आणि या योजनेची खरी कसोटी तिथेच आहे.

हा ताफा आला कसा, हे लक्षात घेतल्यावाचून आजच्या अडचणीचा उलगडा होत नाही. जानेवारी 2006 मध्ये, कंपनी सरकारी मालकीची असताना, बोइंगशी 68 विमानांचा करार झाला. त्यांत आठ 777-200एलआर, पंधरा 777-300ईआर आणि सत्तावीस 787-8 विमाने होती. ‘एलआर’ म्हणजे अतिदीर्घ पल्ल्याचे विमान, जे भारतातून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत न थांबता जाऊ शकते, पण त्यासाठी लागणाऱ्या इंधनाचा भार वाहण्यातच बरेच इंधन जाळते. तेलाचे भाव चढताच ही विमाने पांढरा हत्ती ठरली आणि आठपैकी पाच अबू धाबीच्या इतिहाद कंपनीला विकण्यात आली. पंधरा 777-300ईआरपैकी दोन राष्ट्रपती आणि पंतप्रधान यांच्या प्रवासासाठी सुसज्ज करून हवाई दलाकडे देण्यात आली. त्या दोहोंचे नूतनीकरण यथासांग पार पडले, हे येथे नमूद केले पाहिजे. सामान्य प्रवाशांच्या वाट्याला आली ती उरलेली तेरा.

विमानाचे वय केवळ वर्षांत मोजले जात नाही. हवेत काढलेले तास आणि उड्डाणांची आवर्तने, ही दोन मापे अधिक महत्त्वाची असतात. आवर्तन म्हणजे एकदा उडून एकदा उतरणे, ज्यात विमानाच्या सांगाड्यात हवेचा दाब एकदा वाढतो व एकदा उतरतो आणि धातूला शीण येतो. मुंबई–दिल्ली मार्गावरचे छोटे विमान दिवसाला सहा-सात आवर्तने करते, तर मुंबईहून न्यूयॉर्कला जाणारे विमान दिवसभरात जेमतेम एक. त्यामुळे वीस वर्षे चाललेल्या दीर्घ पल्ल्याच्या विमानाचा सांगाडा अनेकदा ठणठणीत असतो. 787 चे तर वजनाने निम्मे शरीर धातूऐवजी कार्बन तंतूंच्या संमिश्र साहित्याचे असल्याने गंज आणि शीण यांचा जाच त्याला कमीच होतो. झिजते ते आतले. साडेतीनशे माणसे ज्या खुर्च्यांत पंधरा-सोळा तास बसतात, झोपतात, जेवतात, त्या खुर्च्यांच्या कळा, पडदे, तारा आणि शौचालयांच्या नळ्या सांगाड्याच्या कितीतरी आधी दम तोडतात. म्हणूनच जुने दीर्घ पल्ल्याचे विमान मोडीत न काढता आतून नवे करणे हा जगभर रुळलेला आणि आर्थिकदृष्ट्या शहाणपणाचा मार्ग आहे.

मग विलंब कशाचा? खुर्ची ही वस्तू दिसते तितकी साधी नाही, हे त्याचे उत्तर. विमानातील खुर्चीला गुरुत्वाकर्षणाच्या सोळा पट धक्का सोसावा लागतो. त्यासाठी तिच्यात मानवी पुतळा बांधून ती रुळांवरून जोराने फेकली जाते आणि त्या धक्क्यात पुतळ्याचे डोके समोरच्या पडद्यावर किती जोराने आदळते, हे मोजले जाते. तिचे कापड व गादी आगीच्या चाचणीतून जातात. बिझनेस वर्गातील सरकत्या दाराची खोलीवजा खुर्ची असेल, तर आणीबाणीत ते दार अडकणार नाही, हेही सिद्ध करावे लागते. अशा खुर्च्या बनवणाऱ्या कंपन्या जगात मोजक्याच आहेत, महासाथीच्या काळात त्यांनी कामगार कमी केले आणि मागणी परतल्यावर सगळ्याच विमान कंपन्या एकाच दारात रांगेत उभ्या राहिल्या. हे कारण खरे आहे आणि त्यासाठी एअर इंडियाला दोष देता येणार नाही. दोष आहे तो ही रांग दिसत असताना सोयीच्या तारखा जाहीर करण्यात.

या तारखांची किंमत प्रवासी चुकवत आहेत. मार्च 2025 मध्ये शिकागोहून दिल्लीस निघालेले 777 विमान ग्रीनलँडजवळून माघारी वळले, कारण बारापैकी आठ शौचालये तुंबली होती. नळ्यांत चिंध्या, कपडे आणि प्लास्टिकच्या पिशव्या सापडल्या, असे कंपनीने सांगितले, आणि प्रवाशांच्या बेशिस्तीवर देशभर टीका झाली. ती टीका अगदीच गैरलागू नव्हती. न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियातील मुलांकडे जाणाऱ्या आई-वडिलांना विमानातील निर्वात शौचालय कसे चालते हे कुणी समजावून सांगत नाही, ही त्या बेशिस्तीची दुसरी बाजू. पण त्याच विमानांतील न चालणारे पडदे, मागे न जाणाऱ्या पाठी आणि चिकटपट्टीने जोडलेले हात यांना प्रवासी जबाबदार नाहीत, आणि तिकिटाचे पैसे मात्र चालू स्थितीतील खुर्चीचेच घेतले जातात.

जून 2025 मधील अहमदाबादच्या दुर्घटनेत एक 787-8 नष्ट झाले आणि विमानातील 241 जणांसह एकूण 260 जणांचा जीव गेला. या अपघाताचा संबंध विमानाच्या वयाशी किंवा जुन्या अंतरंगाशी जोडण्यास प्राथमिक अहवालात आधार नाही, हे स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे. तरीही त्यानंतर प्रवाशाच्या मनात झिजलेली खुर्ची आणि झिजलेले विमान यांतील सीमारेषा पुसट झाली, आणि ती पुन्हा ठळक करण्याची जबाबदारी कंपनीची व नियामकाची आहे. नव्या कापडाखाली देखभाल कशी आहे, हे वेगळेच तपासावे लागते. ‘डी-चेक’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सर्वांत मोठ्या तपासणीत विमान जवळजवळ सांगाड्यापर्यंत उघडले जाते. नूतनीकरण आणि ही तपासणी एकत्र उरकली, तर विमान एकदाच जमिनीवर राहते आणि त्याच्या उरलेल्या आयुष्याचा हिशेबही नेमका मांडता येतो.

निवृत्तीच्या बाबतीत मात्र हिशेब डळमळीत आहे. एकदा पाच 777-200एलआर विकून टाकल्यावर त्याच जातीची, अमेरिकेच्या डेल्टा कंपनीने 2020 मध्ये निवृत्त केलेली पाच विमाने एअर इंडियाने भाड्याने आणली. तातडीची गरज म्हणून ते समजण्यासारखे होते. पण जानेवारी 2024 मध्ये याच भाड्याच्या 777 विमानांच्या दीर्घ मार्गांवरील सुरक्षानियमांच्या उल्लंघनाबद्दल नागरी हवाई वाहतूक महासंचालनालयाने कंपनीला 1 कोटी 10 लाख रुपये दंड केला, तेव्हा दुसऱ्याने टाकलेल्या वस्तूवर भिस्त ठेवण्याचा खरा खर्च समोर आला. नवी विमाने येणार आहेत: 2023 मध्ये मागवलेल्या 470 विमानांत 40 ए350, 20 बोइंग 787-9 आणि 10 बोइंग 777एक्स ही रुंद बांध्याची विमाने आहेत. पण 2020 मध्ये येणार असलेले 777एक्स हे विमान कोणाच्याच हाती 2027 पूर्वी पडणार नाही, असे बोइंगनेच म्हटले आहे. जुने जायचे तर नवे वेळेवर यायला हवे, आणि तीच गाठ सुटत नाही. नूतनीकरणासाठी विमाने अडकली, शिवाय पाकिस्तानचे हवाई क्षेत्र बंद, म्हणून सप्टेंबर 2025 पासून दिल्ली–वॉशिंग्टन सेवा थांबवावी लागली.

या सगळ्यात महाराष्ट्राला बोचणारी एक बाब आहे. नागपूरच्या मिहानमध्ये बोइंगने 2006 च्या कराराचा भाग म्हणून रुंद बांध्याच्या विमानांची देखभाल करणारे केंद्र उभारले, ते एअर इंडियाच्या अभियांत्रिकी कंपनीकडे सोपवण्यात आले आणि खासगीकरणाच्या वेळी ती अभियांत्रिकी कंपनी सरकारने स्वतःकडेच ठेवली. परिणामी मालकाकडे विमाने आहेत, सरकारकडे हँगर आहेत आणि पहिल्या विमानाला आतून नवे करून घेण्यासाठी बारा हजारांहून अधिक किलोमीटर रिकामे उडावे लागले. अंतरंगाच्या आराखड्याला मंजुरी मिळेपर्यंतची पहिली एक-दोन विमाने बोइंगकडे जाणे तांत्रिकदृष्ट्या समजू शकते. त्यानंतरच्या विमानांवरील त्याच कामासाठी ते कारण पुरत नाही. देखभाल सेवेवरील वस्तू व सेवा कर 2020 मध्ये 18 वरून 5 टक्क्यांवर आला, सुट्या भागांच्या आयातीवरील एकात्मिक वस्तू व सेवा कर 2024 मध्ये सरसकट 5 टक्के झाला. कर उतरले तरी काम येत नसेल, तर अडसर मालकी आणि कौशल्य यांचा आहे. कंपनी आता बेंगळुरूत स्वतःचे देखभाल केंद्र उभारत आहे. नागपूरच्या केंद्राच्या निर्गुंतवणुकीबद्दल सरकारने निर्णय लांबवला, तर ते केंद्र छोट्या विमानांच्या किरकोळ कामांवरच उरेल.

तोवर कंपनीने निदान दोन गोष्टी कराव्यात. कोणते विमान नूतनीकृत आहे आणि कोणते नाही, हे तिकीट काढतानाच दाखवावे आणि ऐनवेळी जुने विमान लावल्यास भाड्यातील फरक मागण्याची वाट न पाहता परत द्यावा. दुसरे म्हणजे, 777 विमानांपैकी प्रत्येकाच्या सेवासमाप्तीचे वर्ष जाहीर करावे. यांतील बहुतेक विमाने 2007 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत आलेली असल्याने ऑक्टोबर 2028 मध्ये त्यांना नव्या खुर्च्या मिळतील तेव्हा ती विशीच्या उंबरठ्यावर असतील, आणि त्यांवर केलेला खर्च किती वर्षांत वसूल होणार हे भागधारकांइतकेच प्रवाशांनाही कळायला हवे. ऑक्टोबर 2028 ही मुदतही टळणार असेल, तर न बदललेली 777 विमाने अमेरिकेच्या मार्गांवरून काढून घ्यावीत, मग त्यासाठी आणखी एखादी सेवा काही महिने बंद ठेवावी लागली तरी हरकत नाही.