रक्त बिघडलं कुणाचं?

मी गोदीत ओझी वाहतो. मॅट्रिकपुढं शिकलो नाही. पण आमच्या टोळीचा एक कायदा आहे. क्रेनला माल लटकलाय आणि दोर विरलेला दिसला, तर ज्याला दिसला त्यानं बोंब ठोकायची. मुकादम शिव्या घालो नाहीतर हजेरी कापो. दिसूनही गप्प बसला, तो खुनी.

हाच कायदा पदवीवाल्यांना लावून बघू या.

1932 साली अमेरिकेत, अलाबामातल्या टस्कीगीजवळ, सरकारी आरोग्यसेवेनं 600 काळे पुरुष गोळा केले. बहुतेक दुसऱ्याच्या जमिनीत वाट्यानं राबणारे. त्यातल्या 399 जणांना गरमी, म्हणजे सिफिलिस. त्यांना सांगितलं, तुमचं रक्त बिघडलंय. पाठीच्या कण्यात सुई खुपसून पाणी काढलं आणि त्यालाच फुकट इलाज म्हटलं. रोग माणसाला मरेपर्यंत कसा खातो, ते यांना बघायचं होतं. मयतीच्या खर्चाची लालूच दाखवली. बदल्यात प्रेत फाडू द्यायचं.

1947 साली न्यूरेंबर्गला अमेरिकी न्यायाधीशांनी हिटलरच्या डॉक्टरांना माणसांवरच्या प्रयोगांबद्दल दोषी ठरवलं. तोवर गरमीवर पेनिसिलिन हाच इलाज ठरला होता. तरी टस्कीगीच्या माणसांना तो दिला नाही. वा रे न्याय!

आणि हे चोरून चाललं होतं असं समजू नका. 1936 पासून वैद्यकाच्या मासिकांत त्याचे निबंध छापून येत होते. साले वाचत होते नि पान उलटत होते.

1966 साली खात्यातल्याच पीटर बक्सटन या साध्या कर्मचाऱ्यानं बोंब ठोकली. साहेबांनी ऐकलं नाही. 1969 ला तज्ज्ञांची समिती बसली. म्हणाली, चालू द्या! शेवटी त्यानं कागद पत्रकाराच्या हाती दिले. जुलै 1972 ला बातमी फुटली, तेव्हा कुठं प्रयोग बंद झाला. चाळीस वर्षं! 1997 साली राष्ट्राध्यक्ष क्लिंटननं माफी मागितली. तुरुंगात एकही डॉक्टर गेला नाही.

आता तुमच्यातली पोरंपोरी मेडिकलला जातात, प्रयोगशाळेत जातात. जा, छाती काढून जा. पण सही करण्याआधी विचारा: ज्याच्या अंगात सुई जाणार, त्याला खरं सांगितलंय का? त्याला नाही म्हणता येतं का? माणूस गरीब म्हणून निवडलाय का? साहेब म्हणेल, तुझं काम कर. हेच तुमचं काम आहे.

दोर विरलाय. खाली माणूस उभा आहे. बोंब ठोका!