चुकीच्या इंग्रजीची लाज कुणाला वाटायला हवी?



सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करते. चूक व्याकरणाची नव्हे, वागण्यातली.

२०११ सालची गोष्ट. न्यू जर्सीतल्या आमच्या घरी संक्रांतीनंतरच्या शनिवारी तिळगुळासाठी पंधरा-वीस माणसे जमली होती. त्यात कोरेगाव तालुक्यातून आलेल्या एक वहिनी होत्या. भावाने केलेल्या अर्जाचा बऱ्याच वर्षांनी नंबर लागून त्या आणि त्यांचे यजमान इथे आले होते. मंदीत यजमानांची गोदामातली नोकरी गेली होती, आणि वहिनी एका किराणा दुकानाच्या मागच्या स्वयंपाकघरात पोळ्या लाटून घर चालवत होत्या. शेजारच्या अमेरिकन बाईंनी सहज चौकशी केली तेव्हा वहिनी इंग्रजीत म्हणाल्या, "माय हजबंड इज नॉट हॅविंग जॉब सिन्स टू इयर्स."

बाईंना सगळे कळले. त्यांनी वहिनींचा हात हातात घेतला. आमच्यातले दोघे-तिघे मात्र हसले. आणि मी, शाळेत इंग्रजीत कायम पहिली येणारी, चटकन म्हणाले, "वहिनी, सिन्स नाही, फॉर टू इयर्स. आणि हॅज नॉट हॅड."

वहिनी माझ्याकडे वळून मराठीत म्हणाल्या, "बरोबर बोलले असते तर लागली असती का हो ताई त्यांना नोकरी?"

त्यानंतर आम्हा मराठी लोकांसमोर त्या इंग्रजीचा एक शब्दही बोलल्या नाहीत.

या गोष्टीला आता बरीच वर्षे झाली. नोकरीतून निवृत्त झाल्यापासून मी आठवड्यातून दोन सकाळी आमच्या गावच्या पब्लिक लायब्ररीत, इंग्रजीचा सराव करणाऱ्यांच्या गटात स्वयंसेवक म्हणून जाते. टेबलाभोवती आठ-दहा जण असतात. कुणी पेरूचे, कुणी इजिप्तचे, कुणी चीनचे, दोन-तीन गुजराती, आणि अधूनमधून एखाद्या मराठी काकू. मी तिथे शिकवायला गेले, पण शिकले मीच जास्त. मुख्य म्हणजे वहिनींच्या त्या वाक्यात खरे काय घडले होते, ते मला तिथे उमगले.

ते वाक्य पुन्हा पाहा. मनात मराठी होते : "त्यांना दोन वर्षांपासून नोकरी नाहीये." आपल्याकडे "पासून" हा एकच शब्द. "सोमवारपासून" म्हणा की "दोन वर्षांपासून" म्हणा, तो दोन्हीकडे चालतो. इंग्रजीत त्याची वाटणी होते : सुरुवातीचा क्षण सांगायचा तर सिन्स, कालावधी सांगायचा तर फॉर. "नाहीये" हा आपला सरळ वर्तमानकाळ, पण इथे इंग्रजी पूर्ण वर्तमानकाळ मागते. आणि "टू हॅव" या अर्थाचे क्रियापद तर मराठीत नाहीच! "मला दोन मुले आहेत", "माझ्याकडे पैसे आहेत", "तिला ताप आहे" हे सगळे आपण "असणे"वरच भागवतो. इंग्रजीतल्या अ आणि द या उपपदांनाही मराठीत जोडीदार नाही. म्हणजे वहिनींचे वाक्य अडाणीपणाचे नव्हते. ते मराठी व्याकरणाप्रमाणे नीट रचलेले होते, फक्त अंगावर इंग्रजी शब्द होते.

आता याची दुसरी बाजू. आपल्या रविवारच्या मराठी शाळेत सात वर्षांची मुलगी म्हणते, "आई, मी भूक आहे." तिच्या मनात "आय अ‍ॅम हंग्री" आहे. भूक मराठीत "मला" लागते, हे तिला अजून ठाऊक नाही. चूक अगदी वहिनींच्याच जातीची, फक्त उलट्या दिशेची. पण तेव्हा आपण काय करतो? "किती गोड बोलते!" म्हणतो, व्हिडिओ काढतो, गणेशोत्सवात स्टेजवर उभे करून टाळ्या वाजवतो.

मुलीची चूक गोड आणि वहिनींची चूक हसण्यासारखी. हा फरक व्याकरणाचा आहे का? मला तरी तो सोवळ्या-ओवळ्याचा वाटतो. माणूस कुठून आला, कुठल्या शाळेत गेला, आपल्यातला की बाहेरचा, हे त्याच्या एका "सिन्स"वरून ओळखायचे आणि मनातल्या मनात पंगत वेगळी मांडायची. आपण जातपात मानत नाही असे या व्यासपीठावर सगळे म्हणतो, मीही म्हणते. पण इंग्रजीच्या बाबतीत आपले काय?

माझे इंग्रजी "चांगले" कशामुळे झाले? मी मराठी माध्यमातली, इंग्रजी पाचवीपासून. पण घरात तर्खडकरांची भाषांतर पाठमाला होती, रेन आणि मार्टिन यांचे व्याकरण होते, आणि ते समोर बसून घोकून घेणारे पदवीधर वडील होते. वहिनींच्याही शाळेत इंग्रजी पाचवीपासूनच होते. पण घरी विचारायला कुणी नव्हते आणि दहावीनंतर शाळा सुटली. महाराष्ट्र सरकारने २००० साली पहिलीपासून इंग्रजी सुरू केले, तोवर वहिनींचे लग्न झालेले होते. मला जे वारशाने मिळाले ते मी हुशारी म्हणून मिरवत होते.

सावित्रीबाई फुल्यांनी १८५४ च्या "काव्यफुले"मध्ये इंग्रजी शिका असे कवितेतून सांगितले, ते ज्यांना शाळेच्या दारातही उभे केले जात नव्हते त्यांना. आपण जयंतीला सावित्रीबाईंच्या फोटोला हार घालतो आणि त्यांच्या लेकी चाळिशीत इंग्रजी बोलू लागल्या की हसतो, हे बरे नव्हे.

कुणी म्हणेल, मग काय चुका चालू द्यायच्या? इंटरव्ह्यूत, कोर्टात, डॉक्टरांकडे नीट इंग्रजी लागतेच ना? लागते. या मुद्द्यावर मी स्वतः एकदा तोंडघशी पडले आहे. सुरुवातीला मी उत्साहात जाहीर केले, "आपण व्याकरण करायचे नाही, फक्त मोकळ्या गप्पा मारायच्या." तिसऱ्या आठवड्यात पेरूच्या एक आजी वही घेऊन आल्या. गप्पा मी मुलीशी मारीन, तुम्ही मला काळ शिकवा, असे त्यांनी मला त्यांच्या इंग्रजीत बजावले! बाकीच्यांनी माना डोलावल्या. व्याकरण नको हे म्हणणेसुद्धा ज्याला ते आधीच येते त्याचीच चैन असते.

आणि चुकीची किंमतही खरी असते. आमच्या गटातल्या एका मराठी काकूंना डॉक्टरांनी विचारले, तुम्हाला कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी नाही ना? काकू म्हणाल्या, "येस." मराठीत बरोबरच आहे : "नाही ना?" "हो, नाही." इंग्रजीत मात्र अशा वेळी "नो" म्हणावे लागते. पुढचा गोंधळ निस्तरायला मुलीला कामावरून निघून यावे लागले. काकूंनी हे सांगितल्यावर आम्ही ती अख्खी सकाळ फक्त नकारार्थी प्रश्नांचा सराव केला. "यू डोन्ट स्मोक?" "नो, आय डोन्ट." चीनच्या गृहस्थांचीही नेमकी हीच अडचण निघाली, कारण त्यांच्या भाषेतही आपल्यासारखेच "हो" म्हणतात. काकूंना एवढा धीर आला की विचारू नका!

तेव्हा सराव हवाच. फक्त तो कसा, याबद्दल अनुभवाने जे कळले ते सांगते.

शब्दसंग्रह वाढवायचा म्हणून आपण लोकांच्या हातात डिक्शनरी देतो. त्याची गरज नसते. बंगालमध्ये शिक्षण खात्यात काम केलेल्या मायकल वेस्ट यांनी १९५३ मध्ये नेहमी लागणाऱ्या सुमारे २००० इंग्रजी शब्दांची यादी छापली. साध्या मजकुरातले दहापैकी आठेक शब्द तेवढ्यातच येतात. आधी ते पक्के करावेत. आणि एका दिवसात पन्नास पाठ करण्यापेक्षा रोज पाच, आणि तेच पुन्हा दोन दिवसांनी, आठवड्याने, महिन्याने. आपण किती झपाट्याने विसरतो आणि उजळणीने ते कसे टिकते, हे एबिंगहाऊस या जर्मन शास्त्रज्ञाने १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून मांडले होते.

"पुट ऑफ", "पुट आउट", "पुट अप विथ" यांनी सगळेच हैराण होतात. मराठी माणसाला मी सांगते, आपल्याकडेही हेच आहे. "खाल्ले", "खाऊन टाकले", "खाऊन घेतले", "खाऊन पाहिले" यांत खाणे एकच, पण शेजारच्या छोट्या शब्दाने रंग बदलतो. आपण ते पाठ केले नाही, वाक्यात ऐकत ऐकत आले. यांचेही तसेच. सुटा शब्द न लिहिता अख्खे वाक्य वहीत लिहावे.

आणि चूक सुधारायची कशी? बोलणाऱ्याचे वाक्य तोडून नाही. त्या दिवशी मी वहिनींना म्हणायला हवे होते, "ही हॅजन्ट हॅड अ जॉब फॉर टू इयर्स? दॅट्स हार्ड." बरोबर रूप कानावर पडले असते आणि दुःखाला उत्तरही मिळाले असते. व्याकरण नंतर, चौघांच्या समोर नाही, आणि तिने मागितले तर.

हा केवळ शिष्टाचाराचा प्रश्न नाही. इंग्रजी नीट न येणाऱ्यांनाही सरकारी सेवा समजतील अशा मिळाव्यात, म्हणून २००० साली अध्यक्ष क्लिंटन यांनी काढलेला आदेश १ मार्च २०२५ रोजी रद्द झाला आणि त्याच दिवशी आदेशाने इंग्रजी ही अमेरिकेची अधिकृत भाषा ठरवली गेली. १९६४ चा नागरी हक्क कायदा अजून उभा आहे, पण वारा कुठल्या दिशेचा आहे हे दिसतेच. आपल्याला वाटते हे स्पॅनिश बोलणाऱ्यांबद्दल आहे, आपले इंग्रजी तर फर्डे! पण आपण इथे बोलावून घेतलेल्या आई-वडिलांचे काय? नागरिकत्वाच्या परीक्षेतल्या इंग्रजीतून वयामुळे सूट मिळायची तर पंचावन्न वर्षे पूर्ण आणि ग्रीन कार्डावर १५ वर्षे, किंवा पन्नास पूर्ण आणि २० वर्षे वास्तव्य लागते. साठाव्या वर्षी आलेल्या बाबांना त्यासाठी पंच्याहत्तरी गाठावी लागेल. तोवर त्यांना सराव कोण देणार? टेबलाभोवतीच्या पेरूच्या आजी आणि आपले बाबा एकाच बाजूला आहेत, हे आपल्याला कळायला हवे.

म्हणून माझी विनंती अगदी साधी आहे. आपापल्या गावच्या लायब्ररीत चौकशी करा. बऱ्याच ठिकाणी असे गट चालतात आणि माणसे कमी पडतात. आठवड्याचे दोन तास द्या. घरी आलेल्या आई-बाबांना, दुकानात भेटणाऱ्या वहिनींना सोबत घेऊन जा. आणि आपल्या कार्यक्रमांत कुणी अडखळत इंग्रजी बोलले तर वाक्य पुरे होऊ द्या.

त्या वहिनींची मी नंतर माफी मागितली. त्या म्हणाल्या, "जाऊ द्या ताई, कधीच विसरले." विसरल्या नव्हत्या, कारण माझ्याशी त्या अजूनही फक्त मराठीतच बोलतात. दुकानात गिऱ्हाइकांशी मात्र त्या घडाघडा इंग्रजी बोलतात. मी मागच्या रांगेत उभी राहून ऐकते.