लंडन बघायचं तर वरच्या मजल्यावरून

पुढच्या महिन्यात लंडनला निघालेल्या भाचीने या आठवड्यात भुयारी रेल्वेचा नकाशा माझ्यापुढे पसरला. हॅरी बेकने १९३३ साली रूढ केलेल्या धर्तीचा हा नकाशा देखणा आहेच, पण तो अंतर सांगत नाही. त्याच्या भरवशावर लोक लेस्टर स्क्वेअरहून कॉव्हेंट गार्डनला गाडीने जातात. मधले रूळ तीनशे मीटरही नाहीत, चालत पाच मिनिटं! मी तिला स्पष्ट सांगितलं, हीथ्रोहून पिकॅडिली लाइनने ये, वेळ लागतो पण स्वस्त पडतं; शहरात पोचलीस की मात्र बसच. वरच्या मजल्यावरचा पुढचा बाक म्हणजे राजेशाही आसन, हे मुंबईकरांना दुमजली बस आल्यापासून, म्हणजे १९३७ पासून ठाऊक आहे. टॉवर ऑफ लंडनपाशी १५ नंबरची बस पकड. सेंट पॉल्स, फ्लीट स्ट्रीट, स्ट्रँड दाखवत ती ट्रॅफल्गर स्क्वेअरला आणून सोडते. रोख पैसे चालत नाहीत, कार्ड टेकवायचं. आणि पहिल्यांदा कार्ड टेकवल्यापासून तासाभरात कितीही बस बदलल्या तरी दुसरं भाडं नाही, तेव्हा मधेच काही आवडलं तर खुशाल उतर, मागून दुसरी येतेच.