क्रमांक बरोबर, तरी अर्ज बाद! ओळख क्रमांक तपासताना संगणक नेमकं काय बघतो?

स्कॉलरशिपचा फॉर्म असो, मुलाचा अपार आयडी असो की पॅन-आधार जोडणी, स्क्रीनवर 'तपशील जुळत नाही' असं लाल अक्षरांत आलं की घरात काळजी सुरू होते. फॉर्म भरणारा सांगतो, "आधारमध्येच प्रॉब्लेम आहे." मग कामधंदा सोडून आधार केंद्राची रांग. बऱ्याचदा आधार क्रमांकात काहीच चूक नसते. चूक दुसरीकडेच असते आणि ती कुठे आहे हे संगणक सांगत नाही.

क्रमांक तपासणं म्हणजे एकच काम नाही. सगळ्यात आधी संगणक फक्त साचा बघतो. आधार म्हणजे १२ आकडे, त्यातला पहिला ० किंवा १ नसतो. पॅन म्हणजे पाच अक्षरं, चार आकडे, शेवटी एक अक्षर. बँकेच्या आयएफएससी कोडमध्ये ११ चिन्हं असतात आणि पाचवं नेहमी शून्य असतं. तिथे इंग्रजी 'ओ' टाकला की कोड चालत नाही. अशी चूक जागेवर दुरुस्त होते.

त्यानंतर येतो शेवटचा आकडा. आधारचा बारावा आकडा आधीच्या अकरा आकड्यांवरून गणित करून काढलेला असतो. ही पद्धत याकोबस वेर्हूफ या डच गणितज्ञाने १९६९ मध्ये मांडली. एखादा आकडा चुकला किंवा शेजारचे दोन वेगळे आकडे उलटसुलट झाले, तर हिशोब जुळत नाही आणि चूक लगेच पकडली जाते. पण गंमत अशी की यासाठी आधारच्या सर्व्हरला विचारावंच लागत नाही. गणित माहीत असलेला कुणीही या परीक्षेत पास होणारा खोटा क्रमांक घरबसल्या बनवू शकतो. म्हणून भाडेकरू ठेवताना किंवा उधारीवर माल देताना "नंबर टाकून बघितला, चालला" एवढ्यावर विसंबू नका. क्रमांक खरंच दिला गेलेला आहे का, हे आधारच्या वेबसाइटवर कळतं. कार्डावरचा क्यूआर कोड आधारच्या अॅपने स्कॅन केला की मूळ नाव आणि फोटोही दिसतो.

खरी अडचण यापुढे सुरू होते. क्रमांक आहे, चालूही आहे, पण तो याच माणसाचा आहे का? इथे संगणक नाव, जन्मतारीख आणि लिंग जुळवून बघतो. आपली कुटुंबं अडकतात ती नावावर.

मराठवाड्यात 'शेख अमजद शेख महेबूब' हे अगदी नेहमीच्या पद्धतीचं नाव. आता फॉर्ममध्ये तीन रकाने आहेत: नाव, वडिलांचं नाव, आडनाव. एका ऑपरेटरने 'शेख' पहिल्या रकान्यात टाकलं, दुसऱ्याने शेवटच्या. तिसऱ्याने 'महेबूब' हेच आडनाव धरलं. पॅनचं पाचवं अक्षर आडनावाच्या पहिल्या अक्षरावरून ठरतं, म्हणजे ऑपरेटरचा हा अंदाज थेट क्रमांकातच उतरतो. त्यात इंग्रजी स्पेलिंगचा घोळ. शेख तीन-चार तऱ्हांनी लिहितात, मोहम्मद तर कुठे पूर्ण, कुठे दोन अक्षरांत उरकलेलं. बायकांच्या नावामागे एका कागदावर 'बी', दुसऱ्यावर 'बेगम', तिसऱ्यावर काहीच नाही. माणसाला हे सगळं एकच वाटतं. संगणकाला मात्र एक जागा कमी-जास्त झाली तरी तो वेगळा माणूस वाटू शकतो.

वाटू 'शकतो' म्हटलं, कारण किती कडक जुळवायचं हे यंत्र ठरवत नाही. आधारच्या पडताळणीत नाव पूर्ण जुळवण्याची आणि अंशतः जुळवण्याचीही सोय होती. कोणती निवडायची हे प्रोग्राम बनवून घेणारं खातं ठरवतं. अक्षरन् अक्षर जुळलंच पाहिजे हा माणसांनी घेतलेला निर्णय आहे, त्याला 'सिस्टिम घेत नाही' म्हणणं ही पळवाट झाली. निदान कोणत्या पायरीवर अडलं, क्रमांकावर, नावावर की जन्मतारखेवर, एवढं स्क्रीनवर लिहायला काय हरकत आहे? आपल्या लोकप्रतिनिधींनी आणि संस्थांनी ही साधी मागणी लावून धरायला हवी.

शिवाय चूक नेहमी नागरिकाचीच असते असंही नाही. मार्च २०२५ मध्ये वेगवेगळ्या राज्यांतल्या मतदारांना एकच मतदार ओळखपत्र क्रमांक असल्याचा वाद पेटला. निवडणूक आयोगाने मान्य केलं की जुन्या, राज्यनिहाय हाताने चालणाऱ्या पद्धतीत काही राज्यांनी एकच मालिका वापरली होती. मतदारसंघ आणि केंद्र वेगळं असल्याने हे मतदार बोगस ठरत नाहीत, असंही आयोगाने सांगितलं. म्हणजे सरकारचा घोळ झाला तेव्हा इतर तपशील बघून समजून घेतलं गेलं. अमजदच्या 'शेख'साठी तेवढी सवलत का नाही?

सवलत मिळेपर्यंत घरात करण्यासारखं एक काम आहे. सगळ्यांचे कागद एकत्र काढून नाव कुठे कसं आहे ते बघा आणि एक स्पेलिंग, एक क्रम ठरवा. आधी ठरवा, मगच आधार केंद्रावर जा, कारण आधारवर नाव बदलायची संधी आयुष्यात दोनदाच आहे आणि जन्मतारखेची एकदाच. मुलांच्या बाबतीत शाळेच्या रजिस्टरपासून सुरुवात करा. अपारसाठी शाळेतलं नाव आधारशी जुळावं लागतं आणि शाळा सोडल्यावर रजिस्टरमधली दुरुस्ती फार अवघड होते.

मुलाचा प्रवेश किंवा लाभ आधारवरून अडवला, तर २६ सप्टेंबर २०१८ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल दाखवा. शाळाप्रवेशासाठी आधार सक्तीचं नाही आणि आधार नाही म्हणून कोणत्याही मुलाला योजनेपासून दूर ठेवता येणार नाही, असं त्यात स्पष्ट आहे. अर्ज बाद झाल्याचं कारण तोंडी ऐकून परत येऊ नका, लेखी मागा. आधारसंबंधी तक्रारीचा नंबर १९४७ आहे. दहावीत जाणारं मूल घरात असेल, तर हे सगळं बोर्डाचा फॉर्म भरण्याआधी उरका, कारण पुढच्या कॉलेजला आणि नोकरीला तेच सर्टिफिकेट लागणार आहे.