सेनापतिमाता उमाबाई दाभाडे

बारडोलीहून पूर्वेस जाताना व्यारा मागे पडले की पुढे सोनगढचा डोंगर लागतो. त्यावरील किल्ला पाहून आपल्या मंडळींना पिलाजीराव गायकवाड आठवतात, आणि त्यांच्यामागोमाग बडोद्याचे राजघराणे. पण पिलाजीराव ज्यांचे सरदार म्हणून या मुलखात आले, त्या तळेगावच्या दाभाडे घराण्याचे, विशेषतः त्या घरातील एका विधवा मातेचे, स्मरण क्वचितच होते.

उमाबाई या नाशिककडील अभोण्याच्या ठोके-देशमुखांच्या कन्या. सप्तशृंगी गडाच्या पायऱ्या त्यांनी 1710 साली बांधविल्या. पती खंडेराव दाभाडे 1717 मध्ये छत्रपती शाहू महाराजांचे सेनापती झाले. गुजरातेतील चौथाईचा कारभार त्यांच्या घराकडे होता. 1729 मध्ये खंडेराव वारले, तेव्हा तीन मुलगे आणि तीन मुली यांचा हा संसार उमाबाईंच्या शिरावर आला. थोरले त्र्यंबकराव सेनापती झाले.

पुढे पेशव्यांनी गुजरातेच्या वसुलीत हात घातला. त्र्यंबकराव निजामाशी संधान बांधून उभे राहिले, आणि 1 एप्रिल 1731 रोजी डभईच्या लढाईत बाजीरावांच्या फौजेपुढे ठार झाले. इतिहासाच्या पुस्तकात हा पेशव्यांचा विजय. तळेगावच्या वाड्यात ते पुत्रनिधन होते. शाहू महाराजांनी स्वतः समजूत घातली. दुसरे पुत्र यशवंतराव सेनापती झाले, गुजरात दाभाड्यांकडेच राहिली. मात्र निम्मा वसूल पेशव्यांमार्फत सरकारात भरण्याचे ठरले. उमाबाईंनी तो भरला नाही. मुलाच्या रक्ताची किंमत म्हणून मुलाच्याच मारेकऱ्यांना हिस्सा द्यावा, हे कोणत्या आईच्या मनास रुचावे?

1732 मध्ये जोधपूरच्या अभयसिंहांनी डाकोर येथे पिलाजीरावांचा खून करविला. तेव्हा उमाबाई स्वतः फौज घेऊन अहमदाबादेवर चालून गेल्या, आणि अभयसिंहांना तडजोड करणे भाग पडले. ज्या काळी विधवेने माजघराचा उंबरा ओलांडू नये अशी रीत होती, त्या काळातील ही गोष्ट!

त्याच सुमारास इंग्लंडात सेनापती मार्लबरो यांच्या विधवा पत्नी सारा हयात होत्या. त्यांचाही तरुण मुलगा गेला होता. पण पार्लमेंटने 1706 मध्ये कायदा केल्यामुळे ती सरदारकी पुढे थोरल्या मुलीस मिळू शकली. उमाबाईंना असा आधार नव्हता. मोहीम त्यांची, निर्णय त्यांचे, पण शिक्का मुलाच्या नावाचा. आणि यशवंतराव व्यसनाधीन झाले. घराची सत्ता मातेच्या कर्तृत्वावर टिकली खरी, परंतु ते कर्तृत्व दप्तरात तिच्या नावे चढू शकत नव्हते. गुजरातेचा प्रत्यक्ष कारभार हळूहळू पिलाजीरावांचे पुत्र दमाजीराव यांच्या हाती गेला.

शाहू महाराजांच्या निधनानंतर पेशव्यांनी निम्म्या गुजरातेची मागणी पुढे रेटली. 1750 मध्ये उमाबाईंनी आळंदीस नानासाहेबांची समक्ष भेट घेऊन तो जुना करार जुलमाने घडल्याचे मांडले. उपयोग झाला नाही. मग त्या ताराबाईंच्या पक्षास मिळाल्या. दमाजीराव सोनगढहून फौज घेऊन साताऱ्याकडे गेले, पण 1751 मध्ये पेशव्यांच्या कैदेत पडले. दाभाडे मंडळीही कैद झाली. पुढच्या वर्षी दमाजीरावांनी पेशव्यांशी तह करून निम्मी गुजरात त्यांना दिली, उरलेली स्वतःकडे ठेवली आणि दाभाड्यांची साथ सोडली. दाभाड्यांच्या निर्वाहासाठी ठरावीक रक्कम देण्याचे कलम मात्र त्यात होते. जे धनी होते, ते असे नेमणुकीचे मानकरी झाले.

1753 मध्ये उमाबाईंनी पुण्यात देह ठेवला. पुढच्याच वर्षी यशवंतराव गेले. त्यांचा हट्ट राजकारणाच्या दृष्टीने फसला, हे खरे. परंतु आपल्या पूर्वजांपैकी कित्येकांना या प्रांतात आणणारी वाट ज्या घरातून निघाली, त्या घराने मोजलेली किंमत एका आईच्या पदरी पडली होती. सोनगढाकडे बोट दाखवून मुलांना गायकवाडांची कथा सांगाल, तेव्हा या मातेचे नावही त्यांच्या कानी पडू द्यावे.