दोन शब्दांचा निवाडा

नोव्हेंबर २००९मध्ये इंग्लंडमधील ईस्ट अँग्लिया विद्यापीठाच्या हवामान संशोधन केंद्राचा खासगी ई-पत्रव्यवहार चोरून जाहीर करण्यात आला. १९९९ सालच्या एका पत्रातील 'ट्रिक' हा शब्द उचलून 'लबाडी सापडली' असा गिल्ला झाला. वस्तुतः शास्त्रज्ञांच्या बोलीत त्याचा अर्थ हिशेबातील युक्ती एवढाच. त्याच वाक्यातली 'घट' होती ती काही वृक्षवलयांवरून काढलेल्या आकड्यांची. १९६०नंतर ते तापमापकांच्या नोंदींशी जुळेनासे झाले होते. संदर्भ तोडला की अर्थाचे काय होते, हे साहित्याच्या अभ्यासकांना वेगळे सांगायला नको.

२०१०मध्ये मुइर रसेल समितीने शास्त्रज्ञांची सचोटी निःशंक ठरवली. मात्र त्यांच्या मोकळेपणातील उणिवेवर बोटही ठेवले. त्याच वर्षी व्हर्जिनिया राज्याच्या महाधिवक्त्यांनी हवामानशास्त्रज्ञ मायकेल मान यांची पत्रे त्यांच्या पूर्वीच्या विद्यापीठाकडे कायद्याच्या बळावर मागितली. २०१२मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने मागणी फेटाळली खरी, पण का? तर त्या कायद्याच्या व्याख्येत विद्यापीठ 'व्यक्ती' ठरत नाही म्हणून! खासगीपण वाचले ते एका शब्दाच्या आडोशाने.

आमच्या मते आधारसामग्री आणि पद्धती खुल्याच हव्यात. तेथे आडपडदा नको. परंतु निष्कर्षाआधीची चाचपणी, मतभेद, थट्टा यांना आडोसा हवा, आणि तो शब्दच्छलावर विसंबून नसावा. चोराने जे चोरले तेच सत्तेला हक्काने मागता आले, तर उद्या शंका कोण लिहून ठेवील? कवीचा निवाडा आपण त्याच्या कच्च्या खर्ड्यावरून करत नाही. शास्त्रज्ञालाही तेवढाच न्याय मिळावा.