बांधकाम व्यवस्थापनाचे पदवीधर आणि नोंदींचे महत्त्व

महामार्ग, मेट्रो आणि बंदरांची कामे देशभर एकाच वेळी सुरू असताना, या प्रकल्पांवर रुजू होणाऱ्या तरुण अभियंत्यांना नेमके काय यायला हवे, हा प्रश्न पुन्हा चर्चेत आला आहे. पदवीच्या अभ्यासक्रमात तुळई, स्तंभ आणि काँक्रीट यांना मोठे स्थान आहे. प्रकल्प मात्र पुष्कळदा वेगळ्याच कारणांनी रखडतात. दीडशे कोटी रुपये आणि त्याहून अधिक खर्चाच्या केंद्रीय प्रकल्पांचा आढावा सांख्यिकी आणि कार्यक्रम अंमलबजावणी मंत्रालय घेते. भूसंपादन, वन आणि पर्यावरणविषयक परवानग्या, निविदांना झालेला उशीर, कामाच्या व्याप्तीतील बदल, ही विलंबाची कारणे त्या आढाव्यांत वारंवार आढळतात.

ही कारणे दूर करणे बांधकामस्थळावरील अभियंत्याच्या हाती नसते. त्यांची नोंद ठेवणे मात्र त्याच्याच हाती असते. जमिनीचा ताबा न मिळाल्याने कंत्राटदाराची यंत्रसामग्री तीन आठवडे पडून राहिली, तर त्या प्रत्येक दिवसाची नोंद दैनंदिन अहवालात हवी आणि मुदतवाढीची लेखी सूचना वेळेत रवाना व्हायला हवी. आंतरराष्ट्रीय पातळीवर प्रचलित असलेल्या ‘फिडिक’ करारशर्तींच्या १९९९ च्या आवृत्तीनुसार कंत्राटदाराने ही सूचना घटना लक्षात आल्यापासून २८ दिवसांत द्यावयाची असते. ती न दिल्यास मुदतवाढीचा हक्कच उरत नाही. शिवाय त्या विलंबामुळे संपूर्ण प्रकल्पाची अखेरची तारीख पुढे गेली, हे वेळापत्रकाच्या आधारे दाखवावे लागते. संगणकावर रंगीत वेळापत्रक काढणे सोपे आहे. त्यातून आपली बाजू सिद्ध करणे तितके सोपे नाही.

केंद्रीय अर्थ मंत्रालयाने जून २०२४ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनंतर या नोंदींचे मोल वाढले आहे. सरकारी करारांत लवादाची तरतूद सरसकट करू नये, ती सर्वसाधारणपणे दहा कोटी रुपयांपेक्षा कमी रकमेच्या वादांपुरती ठेवावी, असे या सूचनांत म्हटले आहे. मोठे वाद मध्यस्थीने किंवा न्यायालयात सुटायचे असतील, तर तेथे उपयोगी पडतो तो कनिष्ठ अभियंत्याने त्याच दिवशी लिहिलेला कागद.

तंत्रज्ञानाची जाण अर्थातच हवी. नागपूर मेट्रोच्या उभारणीत त्रिमितीय आराखड्याला वेळ आणि खर्च यांची जोड देणारी प्रणाली वापरली गेली. अशा प्रणाली हाताळणारे पदवीधर आता मिळू लागले आहेत.

सुरक्षेकडे मात्र अजूनही ‘दुसऱ्या अधिकाऱ्याचा विषय’ म्हणून पाहिले जाते. उत्तराखंडमधील सिल्क्यारा बोगद्यात १२ नोव्हेंबर २०२३ रोजी ४१ कामगार अडकले आणि सतराव्या दिवशी त्यांची सुटका झाली. हे कामगार झारखंड, उत्तर प्रदेश, ओडिशा, बिहार अशा अनेक राज्यांतील होते. बांधकाम कामगारांविषयीचा १९९६ चा कायदा ज्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत सामावला, ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. पण सूचनाफलक इंग्रजीत आणि काम करणारा माणूस ओडिया किंवा संथाळी बोलणारा, असे असेल तर संहिता त्याच्यापर्यंत पोहोचणार कशी? पाळी सुरू होण्यापूर्वीच्या दहा मिनिटांच्या बैठकीत धोका कोणता आणि बाहेर पडायचे कोठून, हे त्याला कळेल अशा भाषेत सांगणे हेदेखील त्या तरुण अभियंत्याचेच काम आहे आणि त्याची परीक्षा कोणत्याही प्रश्नपत्रिकेत होत नाही.